पिकअपला काही झालं नव्हतं

आमची पिकअप भंगारात गेली तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. हे त्या वेळी तीन माणसांना माहीत होतं: मिस्त्री, भंगारवाला आणि मी. ज्याने ती सतरा वर्षं चालवली त्या माझ्या दादाला तेवढं माहीत नव्हतं, आणि ते त्याला कळू नये याची सगळी तजवीज मीच केली होती.

आमचा धंदा अंड्यांचा. पोल्ट्रीतून अंडी आणायची, गोडाऊनमध्ये निवडायची आणि दुपारच्या आत बेकऱ्या, खानावळी, दुकानं यांना पोचवायची. गाडी दादाकडे, निवडायचं काम माझ्याकडे. गोडाऊनच्या मागे एक अंधारी खोली आहे. तिथे दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं, बोटांत फिरवायचं, केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला काढायचं. वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे दुसऱ्यातली खोट मला पटकन दिसते आणि दिसली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. नात्यात कुणी नवीन घर घेतलं की मला सगळ्यात शेवटी दाखवतात. एवढा मी तोंडाचा फटकळ. आणि जी एक गोष्ट बोलायची होती, ती बोलताना नेमकी माझी दातखीळ बसली.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याची शाळा सुटली आणि स्टेअरिंग हातात आलं. मी शिकावं म्हणून त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं, आणि मी दोनदा नापास होऊन त्याचे पांग फेडले. त्यावरून त्याने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. "जाऊ दे धाकट्या, अंड्यांना काय मार्कशीट दाखवायचीय," एवढंच म्हणाला.

गाडी चालवावी तर त्याने. खड्डा कुठे आहे, स्पीडब्रेकर कुठल्या वळणावर जास्त उंच आहे, कुठल्या शाळेची पोरं किती वाजता रस्त्यावर येतात, सगळं त्याला पाठ. आमचा बेकरीवाला म्हणायचा, "तुझ्या भावाच्या गाडीत अंड्यांवर कोंबडी बसवली तरी पोचेपर्यंत उठायची नाही." वाटेत तडकलेली अंडी विकता येत नाहीत, ती घरी येतात. म्हणून आमच्या घरात दादाचं ड्रायव्हिंग ताटात दिसायचं. आठवड्यातून एकदा ऑम्लेट झालं तर झालं. आमच्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायको मला म्हणाली, "अंड्यांचा धंदा म्हणून सांगितलं आणि इथे अंडं खायला तरसायची वेळ आली."

पिकअप विकायचा विषय दरवर्षी निघायचा. विमा भरायची वेळ आली की मी म्हणायचो, विकून टाकू, रंग उडालाय, दार ओढल्याशिवाय बसत नाही, लोक काय म्हणतील. दादा म्हणायचा, लोकांना अंडी हवीत, दार नको. आणि मग त्याचा ठरलेला नियम सांगायचा. "ज्या दिवशी ती अंडी फोडायला लागेल, त्या दिवशी विकू. त्याच्या आधी नाही, नंतर नाही." मी हसून सोडून द्यायचो. नियम चांगला होता. फक्त अंडी गाडीच फोडेल असं आम्ही दोघे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी ऑम्लेट आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. मग एक दिवसाआड. मग वहिनी उकडून द्यायला लागल्या, मग केक करायला लागल्या. दादाची मुलगी म्हणाली, "आई, आता आपल्याला पिसं फुटतील." सगळे हसले. दादाही हसला, पण जरा मागाहून. गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडे दिसायला लागले. सगळे डावीकडेच. आरसा दोनदा बदलला. हे सगळं घरातल्या प्रत्येकाने बघितलं आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोण?

मग एकदा मी त्याच्याबरोबर गाडीत बसलो होतो. भर सकाळ, लख्ख ऊन. डाव्या बाजूने सायकलवर एक बाई चालली होती. अंगात पिवळं जाकीट, कॅरिअरला पिशव्या. चांगली शंभर पावलांपासून दिसत होती. दादा गप्पा मारत होता आणि गाडी हळूहळू डावीकडे घेत होता. मला वाटलं, आता सावरेल, मग सावरेल. शेवटी मी स्टेअरिंगला हात घातला. गाडी करकचून थांबली, मागे ट्रे घसरल्याचा आवाज आला. बाई आमच्या बॉनेटवर हात आपटून जे बोलायचं ते बोलून गेली. दादा पांढराफटक पडला होता.

"ही कुठून आली रे?" तो म्हणाला.

"गल्लीतून आली असेल," मी म्हणालो.

तिथे गल्ली नव्हती. एका बाजूला लांबच लांब भिंत होती आणि ती बाई तिच्या कडेने कधीची सरळ येत होती. मी हे त्याला तिथेच सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच तऱ्हांनी देऊन पाहिलंय. त्याचा चेहरा बघवेना, हे खरं. पण त्याहून खरं हे की, तू आता गाडी चालवू नकोस असं म्हटलं की तो विचारणार, मग मी करू काय? आणि त्या प्रश्नासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.

त्या संध्याकाळी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या भांडी विसळत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "भाऊजी, मी चार वेळा बोलले. मला म्हणतात, तू घरात बसून गाडी चालवू नकोस. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील ते."

"सांगतो," मी म्हणालो.

आठ दिवस गेले. त्या रोज डोळ्यांनी विचारायच्या, मी रोज नजर चुकवायचो. नवव्या दिवशी त्यांनी तोंडानेच विचारलं, "सांगितलंत का?" आणि मी म्हणालो, "सांगितलं. ऐकत नाही."

इतकं सहज निघून गेलं तोंडातून. त्या बिचाऱ्या वर मलाच म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार?" आणि तिथपासून त्यांनी विषय सोडला. माझ्यासारख्या फटकळ माणसाने सांगून उपयोग झाला नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने काय होणार, असंच त्यांना वाटलं असणार.

मग मला युक्ती सुचली. मला सुचलेल्या युक्तीचं मला तेव्हा केवढं कौतुक होतं. पोल्ट्रीवाले बऱ्याच दिवसांपासून म्हणत होते की आमच्याच गाडीतून तुमच्या गिऱ्हाइकांना माल पोचवतो. म्हणजे आपली गाडी नसली तरी धंदा थांबत नव्हता. पिकअपच निकामी ठरली, विकून टाकली, तर दादा आपोआप गोडाऊनमध्ये बसेल. कुणी त्याला काही म्हणायला नको, त्याला काही ऐकून घ्यायला नको. साप मेला आणि काठीही मोडली नाही. नियम तर त्याचाच होता, गाडी अंडी फोडायला लागली की विकायची.

मी मिस्त्रीकडे गेलो. आमची गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्याच हाताखालची. म्हातारा माणूस, बोलायला मोजका. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हातातला पाना फडक्याने पुसला आणि म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. अजून दहा वर्षं कुठे जात नाही."

"तेच तर तुम्ही म्हणायचं नाही," मी म्हणालो. "चॅसी गेली म्हणायचं."

"मी आजवर कुणाला चांगली गाडी वाईट सांगितली नाही. वाईट चांगली सांगितली असेल दोनदा, पोटासाठी."

"उद्या एखादं माणूस गाडीखाली आलं तर?"

मिस्त्रीने पाना खोक्यात टाकला. "मग त्याला तसं सांग ना," तो म्हणाला. "तुझा भाऊ आहे."

"तुमचं ऐकेल तो."

बघा, वहिनींनी मला जे सांगितलं तेच मी त्याच्या गळ्यात घातलं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला मी असा तरबेज निघेन हे मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी तो तयार झाला. तयार झाला म्हणजे नाही म्हणाला नाही.

शनिवारी आम्ही गाडी घेऊन गेलो. मिस्त्री गाडीखाली शिरला, नको तितका वेळ खाली राहिला आणि बाहेर येऊन, दादाकडे न बघता, म्हणाला, "चॅसीला तडा आहे. मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेत. ही आता रस्त्यावर आणू नका. चाक कधी निखळेल नेम नाही."

मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. दादाने गाडीच्या हौद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटला. आणि मग हसायला लागला. मोकळा, पोट धरून हसला, मी कित्येक महिन्यांत त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं.

"म्हणजे गाडीचं होतं तर," तो म्हणाला. "अरे धाकट्या, मला वाटत होतं माझंच काहीतरी बिनसलंय. रात्र रात्र झोप नव्हती. डावीकडचं नीट दिसत नाहीसं वाटायचं. गाडीच तिकडे ओढत होती आणि मी आपला डोळ्यांना दोष देत होतो." त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ होती. गुरुवारची. घरात कुणालाही न सांगता त्याने ती घेतली होती. "काखेत कळसा म्हणतात तो हा," तो म्हणाला आणि कागद चुरगाळून मिस्त्रीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत, आता तरी बोल, एवढंच होतं. डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. मला फक्त वाकून तो कागद उचलायचा होता. मी म्हणालो, "चल, उशीर होतोय."

जो माणूस आपल्या पायाने डॉक्टरकडे निघाला होता, त्याला मी माघारी फिरवलं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही. नंतर कळलं असतं तर निदान मूर्ख म्हणून सुटलो असतो.

घरी आल्यावर दादाने जाहीर केलं की आता दुसरी पिकअप घ्यायची. मी पोल्ट्रीच्या गाडीचं काढून पाहिलं. तो म्हणाला, "आपली अंडी परक्याच्या हातात? वेडा आहेस का?" वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी ताटाकडे बघत होतो. माझी काठी मोडली होती आणि साप चांगला धष्टपुष्ट होऊन बसला होता.

जुन्या गाडीला गिऱ्हाईक लगेच आलं. बेकरीवालाच. त्याला सतरा वर्षांपासून तिचा आवाज माहीत होता, तो डोळे मिटून घ्यायला तयार होता. मी खूश झालो. म्हटलं, चांगली गाडी चांगल्या माणसाकडे जाईल, तेवढं तरी पाप कमी. पण दादा त्याला म्हणाला, "तुला नाही देणार."

"का? मी काय वाईट सांभाळीन?"

"चॅसी गेलीय तिची. तुला दोन लहान मुली आहेत. उद्या चाक निखळलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मी दुरुस्त करून घेईन."

"तडा गेलेली चॅसी दुरुस्त होत नाही. मिस्त्रींनी सांगितलंय." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हो की नाही रे?"

"हो," मी म्हणालो.

आणखी दोघे आले. दोघांनाही त्याने दारातच सगळं सांगितलं आणि परत पाठवलं. एकाने तर म्हटलं, मला नका सांगू, मी विचारलंच नाही. दादा म्हणाला, तुम्ही विचारलं नाही म्हणून मी सांगायचं नाही, असं कुठे असतं? मी दाराआड उभा राहून हे ऐकत होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा खरंच म्हटलं.

भंगारवाल्याकडे आम्ही दोघे गेलो. त्याचं आवार म्हणजे दारं, इंजिनं, सीटा यांचे वेगवेगळे ढीग. त्याने सवयीने हातोडी घेतली, गाडीखाली वाकून चॅसीवर दोन-तीन ठिकाणी ठोकली. खणखणीत आवाज आला.

"अहो, चॅसी तर चांगली आहे की," तो म्हणाला. "कापताय कशाला?"

"वरून नाही कळत," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "आतून गेलीय. आमचे मिस्त्री सतरा वर्षं बघतायत तिला."

भंगारवाल्याने खांदे उडवले. त्याला काय, लोखंड ते लोखंड. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो रोज शंभर माणसं बघणारा माणूस, त्याला काय कळायचं ते कळलं. मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. दादाने गाडीतून आपलं उशीचं आसन काढलं, काच पुसायचं फडकं काढलं, चावी दिली. कटरची ज्योत पेटली तेव्हा तो पाठ फिरवून उभा राहिला. "बिचारी," एवढंच म्हणाला.

दुसरी पिकअप आली. पांढरी, चार वर्षांची, आधी कुणा गादीवाल्याची होती. पहिल्या आठवड्यात नऊ ट्रे फुटले. दादा म्हणाला, नवीन गाडी आहे, हात बसायचाय. दुसऱ्या आठवड्यात गोडाऊनच्या फाटकाचा डावा खांब वाकला. तो म्हणाला, हिची रुंदी जास्त आहे. मी टेप घेऊन मोजली. जुनीपेक्षा चार बोटं कमी भरली. मी टेप गुंडाळून ठेवून दिली.

असे सात महिने गेले. मी रोज सकाळी त्याच्याबरोबर जायला लागलो. निवडायच्या कामाला एक बाई ठेवली आणि दादाला सांगितलं की गिऱ्हाइकांशी बोलायला मला आवडतं. मी शेजारी बसून, "डावीकडे सायकल आहे बघ," "अरे, हे कुत्रं कुठून आलं," असं सारखं बडबडायचो. तो म्हणायचा, "तू तर आजीबाईसारखा झालायस." माझा एक डोळा रस्त्यावर, एक त्याच्यावर. त्याला वाटायचं भावाला आपली सोबत हवीशी झालीय. तो खूश होता. आमच्या दोघांच्या उभ्या जन्मात आम्ही इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या, आणि त्या गप्पांतली माझी अर्धी वाक्यं खोटी होती.

वहिनींनी एक दिवस तडकलेल्या अंड्यांचं पातेलं तसंच ओट्यावर ठेवलं. "आज नाही करणार," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा वाससुद्धा नको झालाय." दादा उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंधाऱ्या खोलीत होतो, कामाची बाई जेवायला गेली होती. दादा आत आला. दाराजवळच्या स्टुलाला त्याचा पाय लागला, स्टूल पडलं. गेली वीस वर्षं ते तिथेच असतं. त्याने ते चाचपून उभं केलं आणि त्यावर बसला.

"मी जरा हिशेब केला," तो म्हणाला. "गाडी बदलली. रस्ते तेच आहेत. ट्रे तेच आहेत. अंडी तितकीच फुटतायत. मग राहिलं कोण?"

मी दिव्यासमोर अंडं धरलं होतं, ते धरूनच राहिलो.

"धाकट्या, तिची चॅसी खरंच गेली होती का रे?"

त्या क्षणीसुद्धा मला हो म्हणता आलं असतं. ते मला सोपं गेलं असतं, सवय झाली होती. पण तो दिव्याच्या उजेडात मान तिरकी करून, मी नेमका कुठे आहे ते शोधत होता. अडीच हातांवर बसलेला मी.

"नाही," मी म्हणालो.

"मिस्त्रींनी तर..."

"मी सांगितलं होतं त्यांना. ते तयार नव्हते."

मग मी सगळं सांगितलं. सायकलवाली बाई, ती भिंत, तिथे गल्ली नव्हती हे. डब्यात टाकलेला कागद. भंगारवाल्याची हातोडी. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. फक्त वहिनींना मी काय सांगितलं होतं ते मात्र तेव्हाही तोंडातून निघालं नाही. तेवढं मी वगळलं. माणूस कबुली देतानासुद्धा स्वतःसाठी थोडं राखून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. दोन ठेवून दिल्या असत्या तरी मी त्याचे पाय धरले असते. तो रागावला नाही. म्हणाला, "चांगली गाडी कापली आपण." आपण म्हणाला. मग विचारलं, "किती महिने झाले त्या सायकलवालीला?"

"नऊ."

"नऊ," तो म्हणाला. उठला, खिशातून पांढऱ्या गाडीची चावी काढून माझ्यासमोरच्या ट्रेवर ठेवली आणि भिंतीला हात लावत बाहेर गेला.

डॉक्टरकडे आम्ही तिघे गेलो. दादा, वहिनी आणि मी. त्यांनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकायला लावली, बारीक उजेड दिसला की बटण दाबा म्हणाले. मी मागून बघत होतो. उजेड लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा आणि दादाचं बोट हलायचं नाही. कितीतरी वेळा हललं नाही. तो आपला पुढचा उजेड कधी लागतोय याची वाट बघत शहाण्या मुलासारखा बसला होता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलीय. उजवाही सुरुवातीला आहे. गेलं ते परत येत नाही, आहे ते राखायचं. गाडी आजपासून बंद." त्यांनी पेन उचललं. "हे एका दिवसात होत नाही हो. आठ-नऊ महिने आधी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं ना," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात राग होता, आणि तो दादावर होता. "ह्या आमच्या भाऊजींनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं ह्यांना, गाडी सोड, डोळे दाखव म्हणून. ह्यांनीच ऐकलं नाही. भावाचंसुद्धा ऐकलं नाही."

मी दादाच्या डाव्या हाताला उभा होतो. त्याला मी दिसत नव्हतो. त्याने खुर्चीतल्या खुर्चीत सगळं अंग वळवलं, मला शोधलं आणि बघितलं. त्याला कळलं. मी काय वगळलं होतं ते त्याला तिथे, त्या खुर्चीत कळलं. खोलीत डॉक्टर होत्या, वहिनी होत्या, आणि बोलायची पाळी माझी होती. तो थांबला. मला वेळ दिला त्याने, एवढं मी शपथेवर सांगेन.

मग तो डॉक्टरांकडे वळला.

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं त्याने. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते तसंच केसपेपरवर लिहून घेतलं.